कौल आणि हंचु

पौषातली पहाट. डोळे उघडण्याआधी नाकाला जाग येते, आणि नाकाला पहिला भेटतो तो ओलसर भाजलेल्या मातीचा वास. हा वास उग्र नाही, गोडही नाही. तो संथ आहे, वयस्क आहे, आणि ज्याला उठायची घाई आहे त्याला तो येतच नाही. वर पाहावे तर आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरत गेलेल्या कौलांच्या तांबूस पोटांवर पाण्याचा एक थेंबही नाही. बाहेर मात्र सगळे जग निथळते आहे. काजूच्या पानांवरून टपटप, पेंढ्याच्या गंजीवरून टपटप, आणि धुक्यात बुडालेल्या रस्त्यावरून पहाटेच्या एसटीची घरघर ऐकू येते, पण दिवे काही दिसत नाहीत. अशा वेळी अंथरुणात पडल्या पडल्या मी डोक्यावरच्या त्या कोरड्या मातीला मनोमन हात जोडते. कृतज्ञता ही मोठमोठ्या प्रसंगांसाठी राखून ठेवायची वस्तू आहे, असे आपल्याला कुणी शिकवले कोण जाणे! मला तर ती रोज सकाळी छताकडे बघून वाटते.

चंदगडच्या बाजूचा हिवाळा तुम्ही कधी पाहिला आहे का? त्याला थंडी म्हणावे तर पन्हाळ्यावरची माणसे हसतील. स्वेटर घातला तर उकडते, काढला तर अंगावर काटा येतो. पण ओल मात्र अशी, की दोरीवर टाकलेले लुगडे दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागावे. मीठ पाझरते, पापड माना टाकतात, काडेपेटी रुसून बसते, आणि शाळेत पहिल्या तासाला फळ्यावर खडू उठत नाही. मी इथल्या शाळेत शिकवायला आले तेव्हा या गोष्टीची मला फार मौज वाटायची. पाऊस संपला, आभाळ निळेशार झाले, तरी पाणी काही घर सोडून जायला तयार नाही! चार महिने धो धो कोसळून गेलेला पाऊस जणू आपली वळकटी विसरून गेला आहे आणि ती आपल्याला वर्षभर सांभाळायची आहे.

पण छप्पर निवडताना या मवाळ ऋतूला विचारतो कोण? या मुलखात घर बांधायला काढले की प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, ‘पावसाला टिकंल न्हवं?’ आम्हीही तोच विचारला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान वारणानगरला नोकरीला होते, शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. आम्ही गावाच्या कडेला तीन खोल्यांचे घर उभे केले आणि वर चकचकीत पत्रा ठोकला. पहिला पावसाळा गेला, घरात टिपूस नाही. मी येईल त्याला मान वर करून ते छप्पर दाखवत असे. मग मार्गशीर्षातल्या एका पहाटे माझ्या कपाळावर टपकन थेंब पडला. बाहेर जाऊन पाहिले तर आभाळ स्वच्छ, चांदण्या मावळत होत्या. आत येऊन वर पाहिले तर पत्र्याला घाम सुटला होता. आमचेच श्वास, आमच्याच चहाची वाफ, आमच्याच चुलीची ऊब वर गेली होती, गार पत्र्याला लागून पाणी झाली होती आणि आमच्याच अंथरुणावर परत आली होती. त्या सकाळी मला हसू आले. पुढच्या हिवाळ्यात मात्र हसू आले नाही, कारण तोवर आबा आले होते.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात गुळाच्या अडतीवर त्यांनी उभा जन्म काढला. गुळाच्या ढेपेला नुसता अंगठा लावून तिच्यात ओल किती, ती पाघळणार कधी, हे सांगणारा माणूस. ओल हा त्यांचा जन्माचा वैरी. आई गेल्यावर ते बाजाराजवळच्या भाड्याच्या खोलीत एकटे राहत होते. खोली कोरडी होती, उबदार होती, पण तिथे विचारणारे कुणी नव्हते. छातीत दम भरायचा तेव्हा पाणी द्यायलाही कुणी नव्हते. मी दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. आले ते एका पिशवीत दोन धोतरे आणि एक सदरा घेऊन. लेकीच्या घरी बापाने किती दिवस राहावे, याचा त्यांचा हिशेब जुना आणि पक्का होता. कुणी विचारले, ‘कवा आलासा?’ तर म्हणायचे, ‘आलतो असाच, चार दिसांसाठी.’ असे चार दिवस करता करता पावसाळा गेला, दसरा गेला, आणि धुके उतरू लागले.

पत्र्याला पुन्हा घाम सुटला. आबांची खाट मी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. थेंब त्यांना शोधत यायचे. पांघरूण दमट, उशी दमट. पहाटे त्यांच्या छातीतून जो आवाज यायचा तो भिंतीपलीकडे ऐकत मी पडून असे. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी तपासले, गोळ्या दिल्या, आणि म्हणाले, ‘औषध मी देईन, पण ओलीतून यांना बाहेर काढा.’ आबांनी हे ऐकले मात्र, त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. लेकीचे मन न दुखवता तिच्या घरातून निघून जायला याहून चांगले कारण कोणते मिळणार होते? ‘आता डाक्टरच म्हणतोय म्हणल्यावर काय,’ ते बसमध्ये म्हणाले. ‘माझी खोली कशी खणखणीत कोरडी हाय. दिवाळी झाली की जातो.’ त्या खोलीत एखाद्या पहाटे त्यांचा दम अडला तर कुणाला कळणार? त्यांना ठेवून घ्यायचे असेल तर मला ते निघण्याआधी डोक्यावरचे छप्पर बदलायला हवे होते. एवढे साधे होते ते, आणि एवढे अवघड.

तेव्हापासून मी कौलांच्या मागे लागले. गडहिंग्लजला एका दुकानात नवी मंगळुरी कौले होती, लालभडक रंग दिलेली, कुंकवासारखी चमकणारी. दुकानदार त्यांच्यावर पाणी ओतून दाखवायचा. पाणी घरंगळून जायचे. मी भुलले. नमुन्याला एक कौल पिशवीत घालून घेऊन आले आणि दत्तूदादाला दाखवले. दत्तूदादा म्हणजे आमच्या गावचा शाकारणीवाला. आपली भातशेती उरकली की पंचक्रोशीतली छपरे उतरवायची, झाडायची आणि पुन्हा घालायची, हे त्याचे काम. त्याने कौल डाव्या तळहातावर आडवे धरले, उजव्या हाताच्या बोटाचे पेर त्यावर मारले आणि कान जवळ नेला. आवाज बद्द आला. ‘कच्चं हाय,’ तो म्हणाला. ‘भट्टीतनं लवकर काढलंय, आनि कच्चेपणा झाकाय वरनं रंग फासलाय.’ मी म्हटले, पण पाणी तर थांबते ना? त्यावर तो जे म्हणाला ते मी आजवर विसरले नाही. ‘बाई, पावसाचं पानी वरनं येतंय, त्याला कुणीबी अडवंल. ह्ये हिवाळ्याचं पानी घरातनंच निघतंय. त्याला अडवून चालत न्हाई, त्याला वाट द्याय पायजे. रंग फासलेलं कौल म्हंजे नाक दाबल्यालं मानूस.’

किती शहाणपण होते त्या बोलण्यात! आपण सारे आयुष्य बाहेरून येणाऱ्या संकटांची तजवीज करत राहतो, आणि घरातल्या घरात जे साठत जाते, न बोललेले, न विचारलेले, त्याला वाट द्यायची असते हे आपल्या गावीही नसते. चांगले भाजलेले कौल पाणी आत येऊ देत नाही; पण घरातला दमटपणा ते रात्री थोडा पोटात घेते, दोन कौलांच्या फटींतून थोडा बाहेर सोडते, आणि उरलेला सकाळी उन्हाच्या स्वाधीन करते. दत्तूदादाने आणखीही सांगितले. उतार थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे दव रेंगाळत नाही. खाली मेणकापड अंथरायचे नाही, तो पुन्हा पत्राच झाला. आणि शक्यतो जुनी कौले मिळवायची. ज्यांनी चाळीस पावसाळे काढले आणि जी अजून खणखण वाजतात, त्यांची परीक्षा आधीच झालेली असते.

‘कौल’ या शब्दाशी माझे मन तेव्हापासून खेळू लागले. मराठीत छपरावरचे तेही कौल आणि देवाकडे मागतात तोही कौल. इथून घाट उतरून खाली गेले की माणसे अडल्यानडल्याला देवापुढे उभी राहून कौल मागतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. मला वाटे, मीही कौलच मागते आहे. हा म्हातारा माझ्याकडे राहील की नाही? उजवा दे, बाबा, उजवा दे.

आणि कौल मिळाला, तो मात्र मराठीत नाही. आमच्या बाजारपेठेत गिरिजव्वा म्हणून एक लिंगायत आजीबाई होत्या. भुसार मालाचे दुकान मुलांच्या हाती देऊन त्या ओट्यावर बसलेल्या असायच्या. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. आबा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत. एक पान त्या लावायच्या, एक ते, आणि दोघे मिळून जगाची उणीदुणी काढायचे. एकदा मी साखर आणायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बाई, तुमच्या वडलांची छाती लई वाजती की. पत्र्याखाली मानूस वाळत न्हाई.’ मग दुकानामागच्या जुन्या वखारीकडे हात करून म्हणाल्या, ‘ही वखार आता मोडायची हाय. थोरला स्लॅब टाकतोय. वरचं सगळं हंचु. दिवाळी झाली की घेऊन जावा.’

आता ऐका माझ्या पांडित्याची कथा. मला कानडी येत नव्हते, पण येते असा माझा समज होता. सोमवारी मठात पूजा झाली की गिरिजव्वा प्रसादाचे ताट नातीच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, ‘हंचु.’ आणि ती पोर सगळ्यांना प्रसाद वाटत फिरायची. तेव्हा हंचु म्हणजे वाट, वाटून टाक, हे मी मनाशी पक्के केले होते. ‘वरचं सगळं हंचु,’ याचा माझ्या लेखी अर्थ झाला, वरचे सगळे वाटून द्या आणि मग घेऊन जा! केवढे मोठे मन, मी म्हटले. सगळ्या आळीची काळजी आहे या बाईंना. दिवाळीत त्या लेकीकडे संकेश्वरला गेल्या. त्यांच्या मुलाने कौले उतरवून वखारीच्या अंगणात रचली, आणि ‘अव्वानं बाईस्नी सांगितलंय’ एवढेच म्हणून तो बाजूला झाला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या वेळी डेअरीपाशी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितले, की गिरिजव्वांनी कौले वाटायला सांगितली आहेत, ज्याला गरज असेल त्याने आपला वाटा न्यावा. गरज कुणाला नव्हती? कुणाचा गोठा गळत होता, कुणाची पडवी उघडी होती. दुपारपर्यंत बैलगाड्या लागल्या. वाटणाऱ्याने शेवटी घ्यावे, या शिस्तीची मी. उभी राहून सगळ्यांना वाटे करून दिले आणि स्वतःसाठी तळाची दोनअडीचशे घरी आणली.

चार दिवसांनी गिरिजव्वा परतल्या. मोकळे अंगण बघून आधी मुलावर ओरडल्या, मग मला बोलावणे धाडले. मी मोठ्या आनंदाने गेले. कुणी किती नेली त्याचा पाढा वाचून दाखवला. मग त्यांनी कपाळावर हात मारला. ‘अवो बाई, हंचु म्हंजे कौल की. आमच्या भाषेत कौलाला हंचु म्हणत्यात. तुमच्या सगळ्या घराला पुरावीत म्हणून सांगितलं मी.’ मी कशीबशी म्हणाले, पण मठात तर तुम्ही वाटायला हंचु म्हणता. त्यांना जे हसू फुटले ते काही केल्या आवरेना. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, ‘तेबी हंचुच. दोनी हंचुच. मी हंचु म्हणलं आनि तुमी हंचून मोकळ्या झालासा व्हय? शाळंत हेच शिकवताय पोरास्नी?’ आणि हसता हसता एक बारकावाही सांगून गेल्या: ‘तुमास्नी वाटाय सांगायचं असतं तर मी “हंचरी” म्हणलं असतं. बाईस्नी कुणी अरेतुरे करतंय व्हय?’ मी ती कौले परत मागवू का, असे विचारले. त्यांचा चेहरा लगेच गंभीर झाला. ‘न्हाई. दिल्यालं परत मागायचं न्हाई. गेली ती त्यांच्या डोक्यावर गेली.’

घरी येऊन मी रडले, हे आता कबूल करायला हरकत नाही. सातआठशे कौलांचे धन हाताशी आले होते आणि मी ते एका शब्दापायी उधळून बसले होते. आबांना सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जाऊन त्या उरलेल्या ढिगापाशी बसले. दत्तूदादा आला. तो एकेक कौल पेराने वाजवू लागला, आणि आबांनी एक वेगळेच काम आरंभले. कौल काथ्याने घासायचे, धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि त्याच्या कडेला जिभेचे टोक लावायचे. दत्तूदादा हातातले काम सोडून बघत राहिला. ‘म्हातारं कौल चाखतंय की,’ तो मला म्हणाला. आबा शांतपणे म्हणाले, ‘गूळ काय आनि कौल काय, दोन्ही जाळावरच पिकत्यात. कच्चं ऱ्हायलं की जिभंला धरतंय. पक्कं सुटून येतंय.’ दत्तूदादाने जे खणखणीत म्हणून बाजूला काढावे त्यातले एखादे आबा जिभेने परत पाठवायचे. दत्तूदादा पुन्हा वाजवून पाहायचा आणि मान डोलवायचा. दोन दिवस त्या दोघांची ही जुगलबंदी चालली. जन्मभर गोडाची पारख केलेली ती जीभ शेवटी मातीची पारख करत होती. माझ्या घरासाठी, माझ्या डोक्यावर चांगले छप्पर यावे म्हणून. मी ओसरीवर उभी राहून पाहत होते.

निवडून निवडून दोनशेच्या थोडी वर कौले उरली. दत्तूदादाने मापे घेऊन सांगितले, ‘एका खोलीला पुरत्यात. कुठल्या घालू?’ आबांनी लगेच उत्तर दिले, ‘हिच्या खोलीला घाल. मी काय, पावणा. चार दिसांत जानार.’ मी म्हटले, बरं. त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेले नव्हते, म्हणून मी वाद घातला नाही. चंदगडचा बाजार होता त्या दिवशी मी त्यांना औषधाचे निमित्त करून एसटीत बसवले, आणि ते परत येईपर्यंत दत्तूदादाने त्यांच्या खोलीचा पत्रा काढला, ऐनाचे दोन जास्तीचे वासे घातले आणि कौले चढवली. आबा आले. दारातच थांबून त्यांनी वर पाहिले. ‘लबाड हाईस,’ एवढेच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मग धुके दाट झाले. पहिल्या दाट धुक्याच्या पहाटे मी त्यांच्या खोलीत गेले. पांघरुणावरून हात फिरवला, कोरडे. उशीला हात लावला, कोरडी. आबा झोपले होते आणि त्यांचा श्वास संथ, एका लयीत चालला होता. त्यांच्या तरुणपणी मी त्यांच्या कुशीत झोपायची तेव्हा ऐकलेला तोच श्वास. मी तिथेच उंबऱ्यावर बसून राहिले. सुख म्हणजे काय, असे कुणी मला विचारले तर मी त्या पहाटेकडे बोट दाखवीन.

पण बाप तो बापच. माझ्या खोलीवर पत्रा तसाच होता आणि तो घाम गाळत होता. माझी गादी मी शाळेत जाण्याआधी गुपचूप मागच्या बाजूला वाळत घालायची. ती त्यांनी पाहिली. मला वाटले, आता निघतील. मुलीला ओलीत निजवून आपण कोरड्यात राहणारा माणूस तो नव्हे. त्या संध्याकाळी शाळेतून आले तर माझी खोली रिकामी! गादी, वह्यांचे गठ्ठे, पाटीवर वाळत घातलेले खडू, देवाचा फोटो, सगळे दत्तूदादाच्या मदतीने त्यांनी आपल्या खोलीत आणून मांडले होते. मधोमध एक जुने लुगडे दोरीवर टाकून आडोसा केला होता. आबा खाटेवर बसून पान लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘ह्यालाच हंचु म्हणत्यात न्हवं, गिरिजव्वाच्या भाषेत?’

तो हिवाळा आम्ही त्या एका खोलीत काढला. शनिवारी यजमान यायचे तेव्हा आडोसा थोडा सरकायचा, एवढेच. दाटीवाटी झाली, धक्के लागले, आबांच्या पानाचे डाग माझ्या वह्यांवर पडले. पण आज मागे वळून पाहते तेव्हा वाटते, सातआठशे कौले मिळून तिन्ही खोल्या शाकारल्या असत्या तर आबा त्यांच्या खोलीत आणि मी माझ्या खोलीत, असे दोन नेमस्त पाहुण्यांसारखे आम्ही राहिलो असतो. त्यांना आईबद्दल जे बोलायचे होते, मला जे विचारायचे होते, ते भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडेच साठून राहिले असते. आडोशाच्या लुगड्यातून ते सगळे बोलणे हळूहळू इकडचे तिकडे झाले. एका अर्धवट कळलेल्या शब्दाचे माझ्यावर केवढे उपकार! बरोबर कळला असता तर मला छप्पर मिळाले असते. चुकीचा कळला म्हणून घर मिळाले.

पुढे दोनतीन वर्षांत एकेक करून बाकीच्या खोल्याही शाकारल्या. त्यांतली बरीचशी कौले त्याच वाट्यातली होती. कुणाचा गोठा पक्का झाला, कुणी स्लॅब टाकला, की गाडी आपसूक आमच्या दारात येई आणि गाडीवान म्हणे, ‘बाई, तुमचं हंचु.’ तो शब्द गावात माझ्या नावालाच चिकटला. आबा दोन हजार सालानंतरही काही हिवाळे त्या छपराखाली राहिले, आणि गेले तेही तिथेच, शांतपणे. गिरिजव्वा त्यांच्याआधी गेल्या. दत्तूदादा आता वर चढत नाही, पण अजून दर मार्गशीर्षात येऊन खालून काठीने दोनचार कौले वाजवून जातो. लोक मला सांगतात, आता स्लॅब टाका, कौलांची उस्तवार कोण करत बसते? मी हसते आणि विषय बदलते. त्या सगळ्यांचे ऋण मानत मी दर वर्षी कौले उतरवते, काथ्याने शेवाळ घासते आणि पुन्हा घालते.

त्या पहिल्या हिवाळ्याच्या शेवटाची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. होळी झाली, धुके सरले, ऊन तापू लागले. आबांनी आपली पिशवी भरली. ‘खोलीचं बघून येतो. दोन दिसांत येतो,’ म्हणाले. कोरडा ऋतू सुरू झाला होता, त्यांना थांबवायला माझ्यापाशी काही उरले नव्हते. छप्पर फार तर ओल थांबवते, माणसाला थांबवत नाही. दोन दिवस झाले, चार झाले, आठ झाले. मी आडोशाचे लुगडे काढून घडी घालून ठेवले. मग नवव्या दिवशी संध्याकाळी, शाळेतून परतताना, मी कोल्हापूरहून येणारी एसटी फाट्यावर थांबलेली पाहिली. कंडक्टर टपावरून कुणाची तरी लोखंडी ट्रंक खाली देत होता. मागून एक वळकटी आली, एक कंदील आला, आईची पितळी कळशी आली, आणि सगळ्यांत शेवटी पाठमोरे, एकेक पायरी चाचपत आबा उतरले.

मी धावत गेले. चैत्राचे ऊन मावळतीलाही अंग भाजत होते. धुळीने भरलेली एसटी निघून गेली तरी आम्ही दोघे त्या सामानाशेजारी तसेच उभे. आबांनी टोपी काढून कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘सोडली ती खोली. तिकडं लई ओल झालीया. छातीला सोसंना.’

‘बरं केलंत,’ मी म्हणाले, आणि ट्रंकेची दुसरी कडी धरली.